कानाचं मशीन रुसलं तर: आधी मळ, मग सेल, मग मोबाइल

कानाचं मशीन घेतो त्या दिवशी क्लिनिकमध्ये सगळं समजलेलं असतं. सेल कसा घालायचा, मशीन कानावर कसं बसवायचं, ॲप कसं उघडायचं. ऑडिओलॉजिस्ट (कान तपासून मशीन बसवून देणारे तज्ज्ञ) दाखवतात, आपण मान डोलावतो, सोबत आलेला मुलगा म्हणतो, "पप्पा, मी बघतो." मुलगा मग पुण्याला निघून जातो आणि पुढच्या आठवड्यात डाव्या कानाचं मशीन गप्प होतं.

मी नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये नोकरी केली. तिथल्या आवाजामुळे दोन्ही कानांत मशीन आहेत, आणि जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणाचं अडलं की विचारणा माझ्याकडे येते. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. "ब्लूटूथ चालत नाही" म्हणून जे मशीन समोर येतं, त्यात ब्लूटूथचा दोष क्वचितच निघतो. कुठे मळ अडकलेला असतो, कुठे सेल उतरलेला असतो, कुठे मशीन अजून नातवाच्या जुन्या फोनशी जोडलेलं असतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. मशीन स्वतः नीट ऐकवतंय याची खात्री होईपर्यंत फोनला हात लावायचा नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

आधी हे जवळ घेऊन बसा

- मशीनसोबत आलेला छोटा ब्रश आणि मऊ, कोरडं सुती कापड
- त्याच नंबरचे नवे सेल. चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जर आणि त्याची मूळ वायर
- वॅक्स गार्डचं (मळ अडवणाऱ्या बारीक जाळीचं) पाकीट आणि एक-दोन जादा डोम (डोम म्हणजे कानात जाणारी ती रबरी टोपी)
- भिंग आणि टेबल लॅम्प
- स्वतःचा फोन, पुरेसा चार्ज केलेला, आणि त्यातल्या गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड
- बिल, वॉरंटी कार्ड आणि शेवटचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख). तिन्हींचे फोटो फोनमध्ये असू द्या

टेबलावर एक पांढरा टॉवेल अंथरा. वॅक्स गार्ड तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असतो, फरशीवर पडला की गेलाच.

१. आपलं मशीन कोणतं, ते ओळखा

कानामागे मशीन आणि त्यातून जाड नळी कानातल्या साच्यात (कानाच्या मापाने बनवलेल्या तुकड्यात) जात असेल, तर स्पीकर मशीनच्या पोटात असतो. कानामागून बारीक वायर येऊन टोकाला डोम असेल, तर स्पीकर त्या टोकाशी, म्हणजे कानाच्या आत असतो. त्याला रिसिव्हर म्हणतात. तिसरा प्रकार पूर्ण कानात बसणारा. मळाचा त्रास सर्वांत जास्त दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला.

लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. ही खूण वायरवर, साच्यावर किंवा सेलच्या दाराच्या आत असते. मशीनवर बारीक अक्षरात सिरीयल नंबर असतो. भिंगातून पाहून दोन्ही नंबर वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

आणि मुख्य म्हणजे, तुमच्या मशीनला ब्लूटूथ आहे का, हे बिलावरचं मॉडेलचं नाव सांगून विचारून घ्या. शिबिरात मिळणाऱ्या साध्या मशीनला ते बहुधा नसतं, आणि पूर्ण कानात बसणाऱ्या अगदी छोट्या मशीनमध्येही बऱ्याचदा नसतं. नसेल तर पाचव्या पायरीपासून पुढचं तुमच्या कामाचं नाही. पहिल्या चार पायऱ्या आणि शेवटची मात्र आहेत.

२. आवाजच येत नाही

मशीन चालू करून बंद मुठीत धरा. कुईं असा आवाज आला तर मशीन जिवंत आहे. अडचण मळाची किंवा बसवण्याची. आवाज आला नाही तर लगेच मेलं असं समजू नका. नव्या मशीनमध्ये शिट्टी दाबणारी सोय इतकी चांगली असते की मुठीतही ती गप्प राहतात. अशा वेळी सेलकडे वळा.

सेलचे चार नंबर आहेत आणि स्टिकरचे रंग जगभर एकच: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. दुकानात नंबर आठवला नाही तरी रंग सांगितला की चालतं.

स्टिकर काढल्यावर सेल तीन ते पाच मिनिटं टेबलावर तसाच ठेवा आणि मग मशीनमध्ये घाला. यात झिंक असतं आणि ते हवेतल्या ऑक्सिजनवर चालतं. बारीक भोकांतून हवा आत गेल्याशिवाय सेल जोर धरत नाही. काढल्या काढल्या घातलेला सेल अर्धवट दमाने चालू होतो आणि लोक म्हणतात, नवे सेलच खराब निघाले. एकदा स्टिकर निघालं की सेल वापरा अथवा ठेवून द्या, तो उतरतच जातो. स्टिकर परत चिकटवून काही वाचत नाही. म्हणून सगळ्या पाकिटाचे स्टिकर आधीच काढून ठेवण्याचा उद्योग करू नका. भोकांची, म्हणजे स्टिकर होतं ती सपाट बाजू अधिकची (+). दार जबरदस्तीने लावावं लागत असेल तर सेल उलटा आहे.

किती दिवस चालतो? १० नंबरचा जेमतेम आठवडाभर, ६७५ दोन आठवड्यांच्या आसपास. फोनवर तासन्‌तास बोललात किंवा मशीनमध्ये कीर्तनं ऐकलीत तर त्याहून लवकर उतरणार. पाकिटावरची तारीख पाहूनच घ्या.

चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जरमधल्या धातूच्या टिकल्या आणि मशीनवरच्या टिकल्या कोरड्या कापडाने पुसा. घामाचा थर साचला की मशीन रात्रभर चार्जरमध्ये बसूनही सकाळी रिकामं निघतं. ठेवल्यावर दिवा लागला का, हे पाहिल्याशिवाय झोपायला जाऊ नका.

एक सूचना गंभीरपणे घ्या. सेल आणि बीपीच्या गोळ्या एकाच डबीत ठेवायच्या नाहीत. कुणी सेल गिळला, विशेषतः लहान मुलाने, तर घरी उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा.

३. आवाज बारीक येतो, फाटतो किंवा शिट्टी वाजते

माझ्या मते निम्मी लढाई इथेच आहे.

डोम हलक्या हाताने ओढून काढा. वायरच्या टोकाला पांढरी जाळी दिसेल, तोच वॅक्स गार्ड. भिंगातून पाहा: पिवळट किंवा तपकिरी काही दिसलं की बदला. पाकिटातल्या काडीला दोन टोकं असतात. रिकामं टोक जुन्या जाळीत सरळ रोवून ओढायचं, जाळी निघून येते. मग काडी फिरवून दुसऱ्या टोकावरची नवी जाळी त्याच भोकात दाबायची आणि काडी सरळ मागे घ्यायची. फिरवायचं नाही, हलवायचं नाही. जुनी जाळी टाचणीने साफ करायला गेलात तर मळ आत ढकलला जाईल आणि रिसिव्हर बदलायचा खर्च येईल. प्रत्येक कंपनीच्या जाळीचं माप वेगळं असतं. शेजारच्यांच्या पाकिटातली उसनी घेऊ नका.

डोम परत लावताना तो शेवटपर्यंत बसला का, हे ओढून पाहा. सैल डोम कानात राहतो आणि मशीन हातात येतं. तसं झालंच तर चिमट्याने कोरत बसू नका, कान-नाक-घसा डॉक्टर तो क्षणात काढतात.

ब्रशने माइकची भोकंही झाडा. ती मशीनच्या वरच्या बाजूला असतात. मशीन उलटं धरून, भोकं खाली करून झाडायचं, म्हणजे कचरा खाली पडतो. सॅनिटायझर, स्पिरिट, ओलं कापड यांपैकी काही नको.

साचा असेल तर तो नळीसकट मशीनपासून सुटा करून कोमट पाण्यात धुता येतो. रात्रभर पूर्ण वाळू द्या, नळीत पाण्याचा थेंब राहिला तर आवाज अडतो. नळी पिवळी आणि कडक झाली की ऑडिओलॉजिस्टकडून बदलून घ्या. ती साधारण तीन ते सहा महिन्यांत कडक होतेच.

आता शिट्टी. स्पीकरमधून सुटलेला आवाज बाहेर गळून पुन्हा माइकमध्ये शिरतो, मशीन तो पुन्हा मोठा करतं, आणि ही फेरी सुरू राहते, तीच शिट्टी. तेव्हा गळती कुठून होते ते शोधा. डोम लहान पडतोय, साचा नीट फिरवून बसवलेला नाही, जबडा हलताना मशीन वर सरकतंय, हेल्मेट किंवा उशी कानाला दाबतेय. हे काहीच नसेल तर तुमच्या कानातच मळ साचला असण्याची शक्यता आहे. आवाज आत जायला वाट नाही, म्हणून तो उलटा फिरतो. तो मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्या. इअरबडने मळ निघत कमी आणि आत जास्त जातो.

४. पाऊस, घाम आणि खोबरेल तेल

नाशिकचा पावसाळा दमट. त्र्यंबक-इगतपुरीकडे राहणाऱ्यांना तर विचारायलाच नको. जून ते सप्टेंबर मशीन रात्री सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) डबीत ठेवायचा नेम पाळा. सेलवालं असेल तर सेल काढून आणि दार उघडं ठेवून. दाण्यांचा रंग बदलला की ते ओल पिऊन भरले आहेत. पाकिटावर लिहिलेल्या पद्धतीने वाळवा किंवा बदला. हेअर ड्रायर, ओव्हन, कडक ऊन यांत मशीन वाळवायचं नाही.

थंडीत उलटा प्रकार होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गंगापूर रोडला फिरायला जाणाऱ्यांचे सेल गारठ्याने लवकर मान टाकतात. खिशात एक जादा सेल ठेवला की झालं.

तेलाबद्दल कुठल्याच माहितीपुस्तिकेत पुरेसं लिहिलेलं नसतं, कारण त्या आपल्यासाठी लिहिलेल्या नसतात. डोक्याला खोबरेल चोपडून लगेच मशीन लावलं की माइकच्या भोकांवर तेलाचा थर बसतो, त्यावर धूळ, आणि आवाज हळूहळू दबत जातो. तेल रात्री लावा, मशीन सकाळी. डाय, पावडर, अत्तराचा फवारा हे सगळं मशीन लावण्याआधी.

पाण्यापासून संरक्षणाचा आयपी६८ हा शिक्का असला तरी तो नव्या मशीनच्या चाचणीचा आहे. आंघोळीला, साबणाला किंवा रंगाला तो परवाना नाही. रंगपंचमीला रहाडीकडे (रंगाच्या हौदाकडे) जाणार असाल किंवा रामकुंडावर स्नानाला, तर मशीन घरी डबीत. बरोबर न्यायचंच असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको; घट्ट झाकणाची छोटी डबी न्या.

५. फोन चालेल का, ते आधी पाहा

इथवरचं सगळं ठीक असेल तर आता फोन. ब्लूटूथचं मशीन आणि ब्लूटूथचा फोन म्हणजे जोडी जमलीच, असं नसतं. भाषा वेगवेगळ्या आहेत.

काही मशीन साध्या ब्लूटूथवर चालतात, आपला गळ्यातला नेकबँड चालतो तशी. २०१८ नंतरची फोनॅक या कंपनीची अनेक मॉडेलं यात येतात. ती जवळपास कुठल्याही फोनला, ब्लूटूथ असलेल्या बटणांच्या फोनलासुद्धा, जोडता येतात.

काही मशीन ॲपलने २०१३ मध्ये आणलेल्या खास पद्धतीवर चालतात. ती आयफोनला थेट जोडली जातात. अँड्रॉइडसाठी अशीच सोय गूगलने अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, दिली. पण ती फोन बनवणाऱ्याने आपल्या मॉडेलमध्ये ठेवलेली असावी लागते. एकाच कंपनीच्या एका फोनमध्ये असते, दुसऱ्यात नसते. नसेल तर ॲपमधून आवाज कमी-जास्त होतो, पण कॉल कानात येत नाही. लोक याला बिघाड समजून क्लिनिकला चकरा मारतात.

सर्वांत नवी पद्धत एलई ऑडिओ नावाची. तिला फोन आणि मशीन दोन्ही नवे लागतात. अँड्रॉइड १३ पासून तिची सोय आहे.

मशीनच्या कंपनीच्या साइटवर "कंपॅटिबल फोन" अशी यादी असते. नवा फोन घेण्याआधी ती पाहा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे एमजी रोडला फोन घ्यायला जाल तेव्हा मशीन कानात घालूनच जा आणि पैसे देण्याआधी दुकानातल्या फोनला जोडून एक कॉल करून पाहा. दुकानदार "सगळं चालतं काका" म्हणेल. त्याला हो म्हणा आणि तरीही जोडून पाहा.

६. आयफोनला जोडताना

मोठी फसगत इथेच होते: नेहमीच्या ब्लूटूथच्या यादीत मशीन शोधत बसायचं नाही. (फोनॅकसारखी साध्या ब्लूटूथची मशीन याला अपवाद, ती ब्लूटूथच्या यादीतूनच जोडायची.)

१) फोनचं ब्लूटूथ चालू करा.

२) सेटिंग्ज, त्यात ॲक्सेसिबिलिटी, त्यात हिअरिंग डिव्हायसेस उघडा.

३) दोन्ही मशीन बंद करून पुन्हा चालू करा. सेलवाल्याचं दार उघडून लावा. चार्जिंगचं असेल तर चार्जरमध्ये ठेवून काढा किंवा बटण दाबून बंद-चालू करा. चालू झाल्यावर थोडाच वेळ, बऱ्याच मशीनमध्ये सुमारे तीन मिनिटं, ते नव्या फोनला दार उघडं ठेवतं. हा वेळ टळला की परत बंद-चालू.

४) फोनवर मशीनचं नाव दिसलं की त्यावर बोट टेकवा. जोडण्याची परवानगी विचारणारी खिडकी येईल, पेअर म्हणा.

५) थांबा. दुसऱ्या कानासाठी तीच खिडकी पुन्हा येते, कधी कधी बऱ्याच सेकंदांनी. पहिली झाली की फोन खिशात टाकणाऱ्यांचं एकच मशीन जोडलं जातं.

जोडल्यावर बाजूचं बटण तीनदा दाबलं की आवाजाचे पर्याय थेट समोर येतात. नसतील येत तर ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये हिअरिंग डिव्हायसेसवर खूण करा.

७. अँड्रॉइडला जोडताना

१) ब्लूटूथ चालू करा. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा फोन असेल तर लोकेशनही चालू करा, त्याशिवाय ॲपला मशीन सापडत नाही. अँड्रॉइड १२ पासून "निअरबाय डिव्हायसेस" अशी वेगळी परवानगी विचारतात, ती द्या. घाईत नको म्हटलं असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात तुमचं ॲप, त्यात परमिशन्स इथे जाऊन सुरू करा.

२) मशीनच्या कंपनीचंच ॲप प्ले स्टोअरवरून घ्या: मायफोनॅक, ओटिकॉन कंपॅनियन, सिग्निया ॲप, रिसाउंड स्मार्ट थ्रीडी, माय स्टारकी अशी नावं आहेत. "हिअरिंग एड" एवढंच शोधलंत तर फोनलाच मशीन बनवणारी भलतीच जाहिरातबाज ॲप्स आधी येतात.

३) मशीन बंद-चालू करा आणि ॲप सांगेल तसं जा. दोन्ही कान सापडेपर्यंत ॲप मागे टाकू नका.

४) कॉल कानात हवे असतील तर अनेकदा जोडणी दोनदा करावी लागते: एकदा ॲपमध्ये, एकदा सेटिंग्जमधल्या "पेअर न्यू डिव्हाइस" मध्ये. फोनॅकच्या बऱ्याच मॉडेलना तर दोन्ही लागतातच. ॲप चालतंय पण कॉल फोनमध्येच वाजतोय, तर दुसरी जोडणी राहिलेली आहे.

५) ब्लूटूथच्या यादीत तुमच्या मशीनची दोन नावं दिसू शकतात, त्यातल्या एकापुढे एलई अशी अक्षरं. ती ॲपसाठीची वाट आहे. कॉलसाठी दुसरं नाव निवडा.

६) शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या फोनना बॅटरी वाचवायची फार हौस. मागे चाललेलं ॲप ते गुपचूप बंद करतात. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीसाठी "नो रिस्ट्रिक्शन्स" आणि असेल तर "ऑटोस्टार्ट" चालू करा.

८. जोडलं, पण मनासारखं नाही

*मशीन सापडतच नाही.* ते दुसऱ्या कुणाला तरी चिकटलं आहे का ते पाहा. जुना फोन, टॅब, क्लिनिकमध्ये दाखवताना मुलाच्या फोनला केलेली जोडणी. मुलगा घरी आला की आईचं मशीन "आपोआप बंद पडतं", यामागे बहुधा हेच असतं. त्या फोनमध्ये मशीनच्या नावापुढे "फर्गेट" किंवा "अनपेअर" करा. मग तुमच्या फोनमध्येही तसंच, फोन बंद-चालू, मशीन बंद-चालू, आणि नव्याने जोडणी. हा क्रम पूर्ण करा, मधली पायरी गाळली की परत मूळपदावर.

*एकाच कानात येतं.* सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत डाव्या-उजव्या आवाजाचा तोल ठरवणारी पट्टी असते, ती मध्यावर आहे का पाहा. तिथेच मोनो ऑडिओ चालू केलं की दोन्ही कानांत सारखं येतं.

*मधेच तुटतं.* ब्लूटूथचा पल्ला घरात दहा मीटरच्या आसपास, तोही भिंती नसताना. माणसाचं शरीर लहरी अडवतं. पँटच्या मागच्या खिशातला फोन शर्टच्या खिशात आणला तरी पुष्कळांचं काम होतं.

*फोनवर बोट लावलं की आजूबाजूचं ऐकू येईनासं होतं.* हे गूढ पुष्कळांना छळतं. बटणाचा टिक आवाज, लॉकचा आवाज, व्हॉट्सॲपचा टुंग, हे सगळं फोन मशीनमध्ये पाठवतो, आणि फोनचा आवाज येताच मशीन बाहेरचा माइक दाबतं. साउंडच्या सेटिंगमध्ये टच, कीबोर्ड आणि लॉकचे आवाज बंद करा.

*कॉल हवेत, पण सोसायटीच्या ग्रुपवरचे व्हिडिओ कानात नकोत.* अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत मशीनच्या नावापुढच्या चाकाच्या खुणेवर बोट टेकवा आणि मीडिया ऑडिओ बंद करा. आयफोनमध्ये हिअरिंग डिव्हायसेसच्या आत ऑडिओ राउटिंग आहे, तिथे कॉल आणि मीडिया वेगळे ठरवता येतात.

*समोरचा म्हणतो, लांबून बोलताय.* बऱ्याच मशीनमध्ये ऐकणं कानात होतं, पण बोलणं फोनच्याच माइकमधून जातं. फोन टेबलावर ठेवून खिडकीतून बोलाल तर असंच होणार. फोन तोंडाजवळ धरा. दोन्ही बाजू मशीनमधूनच होणारी नवी मॉडेलं आहेत, पण आयफोनबरोबर त्यासाठी आयफोन ११ किंवा पुढचा लागतो.

*गाडीत बसलं की कॉल कानात येत नाही.* फोन गाडीच्या म्युझिक सिस्टीमला जोडला गेला. कॉल चालू असताना पडद्यावरच्या स्पीकरच्या खुणेवर टेकवून मशीन निवडा.

*अपडेटनंतर सगळं बिघडलं.* फर्गेट करून नव्याने जोडा. मशीनचं स्वतःचं अपडेट ॲपमध्ये आलं तर सेल नवा घालून किंवा पूर्ण चार्ज करून, फोन जवळ ठेवून, निवांत वेळी करा. अर्ध्यात सोडू नका.

९. ज्याचं मशीन, त्याच्या हाताने

हे मुलांसाठी आणि सुनांसाठी. आईंच्या किंवा दादांच्या मशीनचं ॲप आपल्या फोनमध्ये टाकून मोकळं होऊ नका. तुम्ही ऑफिसला गेलात की त्यांच्या कानाचं बटणही ऑफिसला जातं. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच बोटाने जोडणी करून घ्या. तुम्ही शेजारी बसा आणि हात मांडीवर ठेवा. ॲपचं चित्र पहिल्या पानावर आणा, अक्षरं मोठी करा, आणि "बंद-चालू, थांबा, दोनदा पेअर" एवढंच वहीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. हे सगळं करताना मशीन मधूनमधून बंद करावं लागतं, तेवढा वेळ त्यांना ऐकू येत नसतं. ओरडून सांगण्यापेक्षा दाखवा.

१०. क्लिनिकला कधी, आणि काय घेऊन

मशीन नीट आहे, सेल नवा आहे, आणि तरीही एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, तर क्लिनिकला नाही, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. अचानक येणाऱ्या बहिरेपणावर औषध जितकं लवकर सुरू होईल तितका गुण यायची शक्यता जास्त. आठवडाभर सेल बदलत बसणं इथे महागात पडतं. कान वाहणं, दुखणं, चक्कर हेही डॉक्टरांचंच काम.

जाळी, डोम आणि सेल बदलूनही आवाज नसेल, वायर तुटली असेल, मशीनमध्ये पाणी गेलं असेल, चार्जिंग दुपारपर्यंतही टिकत नसेल, तर ऑडिओलॉजिस्ट. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. आवाज नुसता "टोचतो" किंवा भांड्यांचा खणखणाट सहन होत नाही, एवढंच असेल तर बिघाड नाही, सेटिंग बदलायचं आहे. काही कंपन्यांच्या ॲपमधून ऑडिओलॉजिस्ट घरबसल्या सेटिंग बदलू शकतात. सुरगाणा, कळवण, सिन्नरहून येणाऱ्यांनी ही सोय आहे का ते नक्की विचारावं.

जाताना दोन्ही मशीन न्या, एकच नाही. चार्जर, फोन, बिल, वॉरंटी कार्ड, ऑडिओग्राम आणि तक्रारीचा कागद न्या. कागदावर "नीट चालत नाही" असं न लिहिता नेमकं लिहा: कोणता कान, किती वाजता, फोनवर की समोरासमोर, जोडलेलं असताना की नसतानाही.

मशीन दुरुस्तीला गेलं की ते दिवस अवघड जातात. त्या काळात अँड्रॉइडवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे मोफत ॲप वापरा. समोरचा मराठीत बोलेल ते पडद्यावर मराठीत उमटतं. बँकेत आणि दवाखान्यात चांगलं कामी येतं.

आणि मशीन तिथे ठेवून येणार असाल तर पावतीवर दोन्ही सिरीयल नंबर, सोबत दिलेल्या वस्तू आणि वॉरंटीत की पैसे देऊन, हे लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. परत घेताना तिथेच कानात घालून, तिथेच एक कॉल करून पाहा. दुरुस्तीनंतर फोनची जोडणी पुसली गेलेली असू शकते आणि सहावी-सातवी पायरी पुन्हा करावी लागू शकते.